निरोगी गरोदरपण, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

कर्दळ

"रिपोर्टमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलाय, कुठलं अँटिऑक्सिडंट सुरू करू?" हा प्रश्न गरोदरपणावरच्या प्रत्येक धाग्यात कुठे ना कुठे डोकावतो आणि खाली सल्ल्यांचा पाऊस पडतो. म्हणून या एकाच विषयाला वाहिलेला धागा काढते आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे टोकावं.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे अतिक्रियाशील रेणू आणि त्यांना आवरणारी अँटिऑक्सिडंट यांचा तोल बिघडणं. आधीच सांगून टाकते: सगळं सुरळीत चाललेल्या गरोदरपणातही हे आकडे वाढतात. त्यामुळे नुसत्या वाढीवरून काहीच ठरत नाही.

थोडी पार्श्वभूमी. पेशींतल्या मायटोकाँड्रियात ऊर्जा तयार होताना काही इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. त्याचं सुपरऑक्साइड हे रॅडिकल, म्हणजे झटकन दुसऱ्या रेणूवर तुटून पडणारा रेणू, होतं. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज (पुढे नुसतं एसओडी म्हणते) हे विकर (एन्झाइम) त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, आणि कॅटलेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरं त्या पेरॉक्साइडचं पाणी करतात. ही साखळी अडली आणि आसपास मोकळं लोह असलं, की पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. त्याला आवरणारं विकर शरीरात नाहीच. मेद, प्रथिन, डीएनए, जे पहिलं समोर येईल त्यावर ते तुटून पडतं.

म्हणजे खरी लढाई विकरं लढतात, आणि त्यांना खनिजं लागतात. एसओडीला तांबं, जस्त आणि मँगनीज. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम. सी आणि ई जीवनसत्त्वांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण ती नंतरच्या फळीत येतात. ई पेशीच्या आवरणातल्या मेदाला सांभाळतं आणि त्यात स्वतः खर्ची पडतं. सी त्याला पुन्हा कामाला लावतं.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी गाळली जाते. पेरॉक्साइड हा निव्वळ कचरा नव्हे. थोड्या प्रमाणात ते पेशींमधला निरोप आहे. वार (प्लासेंटा) रुजताना तिच्या पेशींनी कधी वाढायचं, कधी गर्भपिशवीच्या भिंतीत शिरायचं, हे काही अंशी अशा निरोपांवर चालतं. तेव्हा ऑक्सिडेशन शून्यावर आणणं हे ध्येय असूच शकत नाही.

गरोदरपणात आकडे का चढतात? विश्रांतीत असतानाही आईची ऑक्सिजनची गरज साधारण एक पंचमांशाने वाढते. वार हे मायटोकाँड्रियांनी ठासून भरलेलं इंद्रिय आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, या काळात जास्त सक्रिय असतात आणि सुपरऑक्साइड सोडतात. शिवाय दिवस भरत येईपर्यंत ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होतात, म्हणजे ऑक्सिडाइझ व्हायला मेदच जास्त असतो. हे सगळं निरोगी बाईत होतं.

पहिल्या तिमाहीबद्दल वेगळं लिहायला हवं, पण ते इथल्या कुणी जाणकाराने लिहिलं तर जास्त बरं.

सूक्ष्मदर्शक

छान धागा. पहिल्या तिमाहीचं मी लिहितो, माझा आवडीचा विषय आहे.

वार रुजली की आईचं रक्त लगेच तिच्याभोवती खेळायला लागतं, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पहिले दहाएक आठवडे गर्भपिशवीतल्या सर्पिल धमन्यांची तोंडं वारेच्याच पेशींनी बुचासारखी बंद केलेली असतात. त्यातून थोडा द्रव झिरपतो, तांबड्या पेशी फारशा येत नाहीत. गर्भाचं पोषण या काळात गर्भपिशवीच्या अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर चालतं. आठव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या केसरांभोवती (तिच्या बोटांसारख्या बारीक फाट्यांभोवती) ऑक्सिजनचा दाब २० मिमी पाऱ्यापेक्षाही कमी असतो.

आणि ते योग्यच आहे. गर्भाचे अवयव घडायचा हाच काळ, आणि त्या वेळी वारेत एसओडी, कॅटलेज वगैरे विकरांचा साठा अगदी तुटपुंजा असतो. ढाल नसताना शत्रूच आत येऊ द्यायचा नाही, असा हा बंदोबस्त आहे.

दहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही बुचं सुटी होऊ लागतात. दाब ५० मिमीच्या वर जातो, म्हणजे काही आठवड्यांत अडीच-तीनपट. वारेत या सुमारास ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा ठळक उसळा दिसतो, आणि त्याच्याच जोडीने विकरांचं उत्पादन वाढतं. या बदलावर ग्रॅहम बर्टन आणि एरिक जोनिओ या संशोधकांनी बरंच काम केलेलं आहे.

आता यातला सगळ्यात सुंदर भाग. बुचं सगळीकडे एकदम सुटत नाहीत, आधी कडेची सुटतात. त्यामुळे कडेच्या केसरांना ऑक्सिजनचा मारा आधी आणि जास्त बसतो, ते झडतात, आणि तिथे गुळगुळीत पातळ पडदा उरतो. मधला भाग टिकतो आणि त्याची चकतीसारखी वार होते. म्हणजे सुरुवातीला गर्भाच्या चहूबाजूंनी असलेल्या केसरांतून वारेला तिचा आकार देण्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा हात आहे.

बिघडतं कुठे? धमन्यांतलं वारेच्या पेशींचं आक्रमण उथळ राहिलं तर बुचंही कच्ची राहतात आणि रक्त वेळेआधी, सगळीकडून एकदम शिरतं. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी बऱ्याच प्रकरणांत हेच दिसतं. बिघाड जरा सौम्य असेल तर गरोदरपण पुढे जातं, पण धमन्या पुरेशा रुंदावलेल्या नसतात. रक्त धारेने, चढउतार होत येतं. वारेला कधी कमी, कधी जास्त ऑक्सिजन मिळतो आणि त्या हेलकाव्यातून रॅडिकल तयार होत राहतात. प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या धोकादायक आजाराची) मुळं इथे आहेत. त्रास विसाव्या आठवड्यानंतर दिसतो, पण पाया बाराव्याच्या आसपास घातला गेलेला असतो. पुढे गोळ्यांची चर्चा निघेल तेव्हा हे लक्षात असू द्या.

निलगिरी_छाया

दोन्ही प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवले. एक शंका. हल्ली आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये "टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी", "एमडीए", "ग्लुटाथायोन" असलं काहीबाही असतं. गरोदर बाईने ते करून घ्यावं का? आकडा खाली-वर आला तर वाचायचा कसा?

पिपेट

@निलगिरी_छाया, थोडक्यात: नेहमीच्या गरोदरपणात या तपासण्या करून हाती काही लागत नाही. सविस्तर उत्तर लांब आहे.

टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी. नाव भारदस्त आहे, पण नळीत नेमकं काय मोजलं जातं ते बघा. फ्रॅप नावाच्या पद्धतीत प्लाझ्माच्या एकूण आकड्यातला सुमारे ६० टक्के वाटा एकट्या युरिक ॲसिडचा असतो. सी जीवनसत्त्वाचा वाटा त्यामानाने बराच लहान. आता निरोगी गरोदरपणात सुरुवातीच्या महिन्यांत युरिक ॲसिड पाव ते एक तृतीयांशाने उतरतं, कारण मूत्रपिंडांची गाळणी जवळपास दीडपट वेगाने चालते. अल्ब्युमिनही उतरतं, कारण प्लाझ्माचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढून रक्त पातळ होतं. झालं, कपॅसिटी "कमी" आली! शेवटच्या तिमाहीत युरिक ॲसिड परत चढतं, की कपॅसिटी "सुधारली". यात आहाराचा किंवा गोळीचा काडीचाही संबंध नाही. उलट प्रीएक्लॅम्प्सियात युरिक ॲसिड वाढतं, म्हणजे बाई आजारी असताना रिपोर्ट छान दिसू शकतो.

एमडीए, म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड. मेद ऑक्सिडाइझ झाल्यावर उरणारा तुकडा. बहुतेक ठिकाणी तो थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर ९५ अंशांच्या पुढे तापवून, गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरवर मोजतात. गोची अशी की तापवतानाच नमुन्यातला मेद ऑक्सिडाइझ होऊन नवा एमडीए बनतो. गरोदरपणात मेद मुळातच दुप्पट-तिप्पट, त्यामुळे आकडा फुगतो. साखरा, सायॲलिक आम्ल, बिलिरुबिन, फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन हेही रंगात लुडबूड करतात. बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घालून तापवणं, नमुना काढल्यावर ताबडतोब थंड सेंट्रिफ्यूज करणं आणि उणे ८० अंशांवर ठेवणं, एवढं केलं तर थोडा भरवसा. पॅकेजवाल्या तपासणीत नमुना सहा तास डब्यात फिरून येत असेल तर आकडा डब्यातच तयार झाला असं समजा.

ग्लुटाथायोन. तांबड्या पेशीच्या आत ते मिलिमोल पातळीवर असतं, बाहेर प्लाझ्मात मायक्रोमोल. दोन्हींत शेकडो पटींचं अंतर. सुई टोचताना दोन थेंब पेशी फुटल्या तरी प्लाझ्माचा आकडा कामातून गेला. शिवाय नळीत ठेवल्या-ठेवल्या ते ऑक्सिडाइझ होतं, म्हणून रक्त काढल्याक्षणी एन-इथाइलमॅलीमाइड मिसळावं लागतं. हे संशोधनाच्या प्रयोगशाळेत होतं, एरवी नाही.

सी जीवनसत्त्व. नमुना बर्फात, अंधारात, लगेच सेंट्रिफ्यूज करून मेटाफॉस्फोरिक आम्लात घालावा लागतो. नाहीतर ते तासाभरातही बरंच घटतं आणि धडधाकट बाईच्या रिपोर्टवर "कमतरता" छापून येते. नीट मोजलेलं असेल तर ११ मायक्रोमोल प्रति लिटरच्या खाली खरी कमतरता.

ई जीवनसत्त्व. हे मेदाबरोबर फिरतं, त्यामुळे गरोदरपणात वाढलेलं दिसणारच. ते कोलेस्टेरॉलने भागून वाचायचं असतं. दर मिलिमोल कोलेस्टेरॉलमागे २.२ मायक्रोमोलच्या खाली गेलं तर कमतरता. रिपोर्टवर हे गुणोत्तर दिलेलं नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

त्यातल्या त्यात विश्वासाचं मोजमाप म्हणजे एफ२-आयसोप्रोस्टेन (हाही मेद ऑक्सिडाइझ झाल्यावर बनणारा पदार्थ), तेही गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने. निरोगी गरोदर बायकांत तेही गरोदर नसलेल्यांपेक्षा जास्तच आढळतं, म्हणजे कर्दळताईंचा पहिला मुद्दा खरा. लघवीतली मोजमापं क्रिएटिनिनने भागतात, आणि गाळणी वाढल्यामुळे गरोदरपणात क्रिएटिनिनचंही गणित बदलतं. त्यामुळे तुलना फक्त त्याच आठवड्यातल्या निरोगी गरोदर बायकांशी करावी. रिपोर्टवर छापलेली "नॉर्मल" मर्यादा बहुधा गरोदर नसलेल्या लोकांची असते.

कर्दळ

@पिपेट, डब्यातच तयार झालेला आकडा! हे फार दिवसांपासून कुणीतरी लिहायला हवं होतं.

शेवंती

आहाराचं मी लिहिते. अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीजचे आकडे वापरते आहे. देशोदेशी थोडा फरक असतो, पण अंदाजाला पुरेत.

गरोदरपणात सी जीवनसत्त्व रोज ८५ मिग्रॅ (एरवी ७५). म्हणजे वाढ फक्त १० मिलिग्रॅमची! ई जीवनसत्त्व १५ मिग्रॅ, म्हणजे एरवीइतकंच. सेलेनियम ६० मायक्रोग्रॅम, जस्त ११ मिग्रॅ, तांबं १ मिग्रॅ. धूम्रपान करणाऱ्यांना सी ३५ मिग्रॅ जास्त लागतं, पण तिथे उपाय सी नव्हे, सिगरेट सोडणं हा आहे.

हे ताटातून कसं मिळतं? मध्यम आकाराच्या एका संत्र्यात सुमारे ७० मिग्रॅ सी. अर्धा कप कच्च्या लाल ढोबळी मिरचीत ९५, अर्धा कप शिजवलेल्या ब्रोकोलीत ५० च्या आसपास. एक संत्रं आणि एक वाटी भाजी, संपलं काम. ईसाठी मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम बदामांत ६.८ मिग्रॅ, तेवढ्याच सूर्यफुलाच्या बियांत ७.४. बाकीचं तेलातून आणि पालेभाज्यांतून निघतं.

सी पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. भाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून दिलं तर मोठा वाटा मोरीत गेला. वाफवा, झाकण ठेवा, कमी पाण्यात कमी वेळ शिजवा. चिरून तासन्‌तास उघडी ठेवू नका.

आता "जास्त घेतलं तर काय बिघडलं?" या नेहमीच्या प्रश्नाकडे. आतडं सी मोजूनमापूनच आत घेतं. दिवसाला ३० ते १८० मिग्रॅ घेतलं तर ७० ते ९० टक्के शोषलं जातं. १ ग्रॅमच्या वर घेतलं तर निम्म्याहून कमी. रोज ४०० मिग्रॅच्या आसपास रक्तातली पातळी माथ्याला टेकते आणि पुढचं सगळं लघवीवाटे जातं. जास्त मात्रेने जुलाब होतात, आणि ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात त्यांना खड्याचा धोका.

दोन ठिकाणी मात्र नुसतं वाया जाण्यावर भागत नाही. पहिलं, ब्राझील नट. सेलेनियमसाठी खा असं सर्रास सांगतात, पण एकेका नटात ६८ ते ९१ मायक्रोग्रॅम सेलेनियम असू शकतं आणि रोजची कमाल मर्यादा ४०० आहे. मूठभर खाल्ले की मर्यादा पार. केस गळणं, नखं ठिसूळ होणं, तोंडाला लसणासारखा वास, ही जास्त झाल्याची खूण. दुसरं, अ जीवनसत्त्व. "अँटिऑक्सिडंट ए-सी-ई" नावाच्या गोळ्यांत ते रेटिनॉल स्वरूपात असू शकतं. गरोदरपणात रेटिनॉल दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅमच्या (१०,००० आययू, म्हणजे आंतरराष्ट्रीय एककं) वर जाता कामा नये, कारण पहिल्या तिमाहीत ते गर्भात व्यंग आणू शकतं. प्राण्यांच्या यकृतातही ते भरपूर असतं. भाज्या-फळांतल्या बीटा कॅरोटीनची ही भीती नाही, शरीर त्यातून लागेल तेवढंच अ बनवतं.

निलगिरी_छाया

हे सगळं पटलं. पण ज्यांना प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका आहे त्यांना तरी सी आणि ई द्यायला काय हरकत? सूक्ष्मदर्शक यांनीच लिहिलंय की मूळ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमध्ये आहे. मग अँटिऑक्सिडंट द्यावं, इतकं सरळ नाही का?

टाका_दोरा

इतकं सरळ असतं तर प्रश्न १९९९ मध्येच मिटला असता. त्या वर्षी लंडनमध्ये २८३ जास्त धोक्याच्या बायकांवर चाचणी झाली. रोज १,००० मिग्रॅ सी आणि ४०० आययू ई. प्रीएक्लॅम्प्सिया १७ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. सगळीकडे उत्साह. पण चाचणी लहान होती आणि तिचं मुख्य मोजमाप रक्तातला एक निर्देशक होता, आजार नव्हे.

मग मोठ्या चाचण्या झाल्या, त्याच मात्रेने:

२००६, व्हीआयपी चाचणी, जास्त धोक्याच्या २,४१० बायका. प्रीएक्लॅम्प्सिया १५ टक्के विरुद्ध १६ टक्के, म्हणजे फरक नाही. आणि कमी वजनाची बाळं गोळ्यांच्या गटात जास्त, २८ विरुद्ध २४ टक्के.

२००६, ऑस्ट्रेलियात १,८७७ पहिलटकरणी. फायदा नाही.

२०१०, अमेरिकेत कमी धोक्याच्या १०,१५४ पहिलटकरणी. प्रीएक्लॅम्प्सिया ७.२ विरुद्ध ६.७ टक्के, गोळ्या घेणाऱ्यांत किंचित जास्तच, पण तो फरक धरण्यासारखा नाही.

कॅनडा आणि मेक्सिकोतली चाचणी तर मध्येच थांबवली. तिच्यात गोळ्यांच्या गटात कळा सुरू होण्याआधीच पाणी जाण्याचं प्रमाण जास्त निघालं. दिवस भरल्यावर पिशवी आधी फुटण्याचा हा धोका ई जीवनसत्त्वाच्या एकत्रित आढाव्यातही दिसतो. त्याच आढाव्यात वार आधी सुटण्याचं प्रमाण मात्र कमी दिसलं, तेही सांगायला हवं. पण एवढ्यावर कुणी गोळ्या सुरू करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या गरोदरपणाच्या मार्गदर्शक सूचनांत सी आणि ई च्या वेगळ्या गोळ्यांची शिफारस केलेली नाही.

पिपेट

@टाका_दोरा, सहमत, पण थोडा वाद घालतो. या चाचण्यांत बहुतेक बायका खात्या-पित्या घरच्या, रक्तातली पातळी आधीच ठीक. भरलेल्या टाकीत आणखी ओतून फरक दिसेलच कसा? जिथे मुळात कमतरता आहे तिथे उत्तर वेगळं येऊ शकतं.

टाका_दोरा

रास्त शंका, आणि ती तपासली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेच भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाममध्ये पोषण कमी असलेल्या भागांतल्या १,३६५ जास्त धोक्याच्या बायकांवर चाचणी केली. ती २००९ मध्ये छापून आली. तिथेही फायदा नाही.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. टाइप १ मधुमेह असलेल्या ७६२ बायकांवरच्या डॅपिट चाचणीत (२०१०) एकूण फरक नव्हता, पण सुरुवातीलाच ज्यांची पातळी खालावलेली होती त्या उपगटात प्रीएक्लॅम्प्सिया कमी दिसला. मात्र उपगटातले निकाल शंका घेऊनच वाचायचे असतात. आणि त्यातून फार तर कमतरता भरून काढा इतकंच निघतं. सरसकट १ ग्रॅम द्या असं निघत नाही.

माझ्या मते अपयशाचं कारण सूक्ष्मदर्शक यांच्या प्रतिसादात दडलंय. गोळ्या बहुतेकांना चौदाव्या ते बाविसाव्या आठवड्यात सुरू झाल्या. तोवर धमन्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यापुढचा स्ट्रेस हा बिघाडाचा परिणाम. धूर पुसून आग विझत नाही.

सूक्ष्मदर्शक

अमेरिकेतल्या चाचणीत नवव्या ते सोळाव्या आठवड्यातच सुरुवात होती, तरी निकाल तोच. त्यामुळे एवढ्या एका कारणावर मी सगळं ढकलणार नाही. दुसरं कारण मला जास्त पटतं: रॅडिकलच्या क्रिया इतक्या वेगाने घडतात की सी-ई मध्ये पडेपर्यंत त्या उरकलेल्या असतात, आणि पेरॉक्साइडला तर ती हातही लावत नाहीत, ते काम विकरांचं. शिवाय निरोप थोपवल्याने नुकसान होऊ शकतं. व्यायामाचा इन्सुलिनवर होणारा चांगला परिणाम याच मात्रेतल्या सी-ई ने पुसला गेल्याचं २००९ मध्ये दिसलं होतं. ते लोक गरोदर नव्हते, पण तत्त्व तेच.

टाका_दोरा

मान्य, तुमचा मुद्दा जास्त वजनदार आहे.

धोका असलेल्यांसाठी ज्याचा खरंच उपयोग होतो तेही लिहून ठेवतो. कमी मात्रेची ॲस्पिरिन, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केलेली. २०१७ च्या ॲस्प्री चाचणीत ११ ते १४ आठवड्यांत सुरू करून छत्तिसाव्यापर्यंत रोज रात्री १५० मिग्रॅ दिली. सदतिसाव्या आठवड्याआधी बाळंतपण करावं लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला. आहारात कॅल्शियम कमी असेल तिथे रोज १.५ ते २ ग्रॅम कॅल्शियम. आणि रक्तदाब मोजत राहणं. १४०/९० किंवा वर, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, यातलं काहीही असेल तर धागा वाचत बसू नये, दवाखाना गाठावा.

मोहर

लोहाबद्दल कुणीतरी लिहा ना. कर्दळताई म्हणतात मोकळं लोह घातक, आणि गरोदरपणात लोहाच्या गोळ्या तर प्रत्येकीला. हे वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर?

शेवंती

कृपा करून कुणीही बंद करू नका. शोषलेलं लोह रक्तात ट्रान्सफेरिनला आणि पेशीत फेरिटिनला बांधलेलं असतं, मोकळं हिंडत नाही. न शोषलेलं लोह आतड्यात उरतं. काळा शौच, मळमळ, बद्धकोष्ठता त्यामुळेच. नेहमीची मात्रा रोज ३० ते ६० मिग्रॅ लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. हे "मूळ लोह" असतं. गोळीच्या वेष्टनावर फेरस सल्फेटचं एकूण वजनही छापलेलं असतं, ते धरू नये. रोज सोसतच नसेल आणि रक्त कमी नसेल, तर आठवड्यातून एकदा १२० मिग्रॅ हा मान्य पर्याय आहे, डॉक्टरांना विचारून. मात्र मनाने दोन-दोन गोळ्या घेऊ नका. ॲनिमिया स्वतःच वारेला ऑक्सिजनसाठी तंगवतो, तो नुकसानीचा सौदा.

गोळीबरोबर संत्र्यासारखं फळ घेतलं तर लोह चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी तासभर आधी-नंतर टाळावी, त्यातले पॉलिफेनॉल लोहाला धरून ठेवतात.

पॉलिफेनॉलवरून आठवलं. ग्रीन टीचा अर्क, द्राक्षबियांचा अर्क, हळदीच्या कॅप्सूल "नैसर्गिक अँटिऑक्सिडंट" म्हणून खपतात. अन्नातली मात्रा आणि कॅप्सूलमधली मात्रा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेवटच्या तिमाहीत पॉलिफेनॉलचं प्रमाण फार झालं तर गर्भाच्या हृदयाजवळची डक्टस आर्टेरिओसस ही वाहिनी आकसत असल्याची निरीक्षणं ब्राझीलमधून आली आहेत. आहार साधा केल्यावर ती पूर्ववत झाली. अर्कांच्या कॅप्सूल गरोदरपणात नकोतच.

सूक्ष्मदर्शक

अवांतर, पण याच विषयातलं. पोटात गर्भाच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब जेमतेम २५ ते ३५ मिमी असतो, जन्मल्यावर काही मिनिटांत दुपटीहून जास्त होतो. त्या माऱ्यासाठी बाळाची विकरं शेवटच्या तिमाहीत भराभर वाढतात. आधी जन्मलेल्या बाळाची ती तयारी अर्धवट असते. ऑक्सिजनचा मारा गरजेपेक्षा जास्त होऊ नये म्हणून दिवस भरलेल्या बाळालाही श्वासासाठी मदत लागली तर आता साध्या हवेने, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजनने सुरुवात करतात. पूर्वी थेट १०० टक्के द्यायचे.

आणि आईकडून बाळाला काय जातं हेही मजेशीर आहे. सी जीवनसत्त्व वार ओढून घेऊन पलीकडे साठवते, नाळेच्या रक्तात ते आईपेक्षा जास्त. आईचं सी गरोदरपणात उतरण्याचं ते एक कारण. ई मात्र मेदाबरोबर फिरणारं, ते नाळेच्या रक्तात आईच्या जेमतेम पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकं. आईने जास्त ई घेतलं म्हणून बाळाकडे त्या प्रमाणात पोचत नाही.

मोहर

शेवटचा प्रश्न. गरोदरपणाच्या नेहमीच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही सी आणि ई असतं. तेही नको का?

पिपेट

ते चालेल. मात्रा बघा म्हणजे फरक कळेल. अशा गोळीत सी साधारण रोजच्या गरजेइतकं असतं, ई १०-१५ मिग्रॅच्या आसपास. चाचण्यांतली सी ची मात्रा गरजेच्या दहा-बारापट होती.

वेष्टन वाचताना आययू आणि मिग्रॅचा घोळ होतो. नैसर्गिक ई चं १ आययू म्हणजे ०.६७ मिग्रॅ, कृत्रिम ई चं ०.४५. घटकांत "डी-अल्फा" लिहिलं असेल तर नैसर्गिक, "डीएल-अल्फा" असेल तर कृत्रिम. म्हणजे ४०० आययूची कॅप्सूल २६८ किंवा १८० मिग्रॅ, गरज १५ ची. मल्टिव्हिटॅमिन, "केस-त्वचा-नखं" वाली गोळी आणि विरघळणारी सी ची टिकली अशा तिन्ही चालू असतील तर वही घेऊन सी, ई, सेलेनियम आणि रेटिनॉल यांची एकेक बेरीज करा. ओळखीची वाटणारी गोळीच बेरजेत सगळ्यात मोठी निघते.

आणखी एक, कारण हे सहसा कुणी सांगत नाही: सी जास्त घेतलं की ते लघवीत उतरतं आणि पट्टीवरची रंगाची क्रिया अडवतं. लघवीत साखर किंवा रक्त असूनही पट्टी "निरंक" दाखवू शकते. काही ग्लुकोमीटरही मोठ्या मात्रेच्या सी ने साखर खोटी जास्त दाखवतात. साखर तपासायच्या वेळी सी ची मोठी गोळी चालू असेल तर नमुना देतानाच तसं सांगा, आणि दोन-तीन दिवस बंद ठेवून पुन्हा तपासायला लावा.